अंबाडीच्या दाढ्या

लातूरच्या एका चर्च कंपाउंडात उन्हे तापायला लागली की दरवर्षी एकच भांडण ठरलेले असे. गुड फ्रायडेच्या नाटकात यहुदी कोण होणार?

येशू व्हायला सगळे तयार. त्याचा शिष्य पेत्र व्हायलाही तयार. विश्वासघातकी यहूदासुद्धा मिळून जाई, कारण त्याला बोलायला भरपूर असते. पण अंबाडीच्या वाखाची काळी रंगवलेली दाढी हनुवटीला चिकटवून, ‘त्याला वधस्तंभावर खिळा!’ असे ओरडायला कोणी पुढे येत नसे. एक तर ती दाढी घामात अशी टोचते की वैऱ्याला लावू नये. दुसरे म्हणजे नाटक संपल्यावरही आठवडाभर बायका त्या माणसाशी धड बोलत नाहीत. आदल्या साली महायाजक कयफा झालेल्या ग्यानोबाला त्याच्या सख्ख्या सासूने वरणातले वरचे पाणी वाढले होते.

नाटक बसवायचे शेषेराव. ख्रिस्ती माणसाचे नाव शेषेराव कसे, असे पुण्यामुंबईकडचा वाचक विचारील. बाबांनो, मराठवाड्यात आजोबांनी धर्म बदलला, नावे तीच ठेवली! तर शेषेराव हे चर्चच्या मंडळीचे पंच होते आणि नव्या कलेक्टर कचेरीत कारकून होते. लातूर उस्मानाबादेतून फुटून स्वतंत्र जिल्हा झाल्याला अजून वर्षही झाले नव्हते. ‘आता आपला जिल्हा’ हे शब्द उच्चारताना शेषेरावांची छाती अशी फुगे, की जणू सीमा त्यांनीच आखली होती. माणूस मात्र मनाने वाईट नव्हता. कोणाचे कागद अडलेले त्यांना बघवत नसत.

त्या साली पावसाने दगा दिला होता. कंपाउंडातल्या विहिरीला रात्रभरात झिरपून थोडे पाणी येई आणि पहाटे बायका पाळीने ते शेंदत. पहिल्या घागरी नितळ, मधल्या गढूळ आणि शेवटच्या घागरीत निम्मा गाळ. पाळी पुढची की मागची, यावर त्या घराचा सगळा दिवस ठरे.

ह्याच कंपाउंडात कोपऱ्यातल्या खोलीत मिल्काबाई झिराडकर भाड्याने राहत. सरकारी दवाखान्यात त्या नर्स होत्या, म्हणून सगळे त्यांना सिस्टर म्हणत. नवऱ्याच्या माघारी एकट्याच होत्या, मुलगा ठाण्याला मामाकडे शिकायला. बाई अलिबागकडच्या बेने इस्राएल, म्हणजे शेकडो वर्षे कोकणात राहिलेल्या यहुद्यांपैकी. बोलणे आपल्यासारखे, लुगडे आपल्यासारखे, कोथिंबिरीच्या भावावरून घासाघीससुद्धा आपल्यासारखी. फक्त शनिवारी त्या चूल पेटवत नसत की पाणी भरत नसत. तो त्यांचा विसाव्याचा वार, शब्बाथ. दवाखान्यात ड्यूटी लागली तर मात्र जात, कारण बाळंतीण वार बघत नाही. आपले पूर्वज तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी बंद ठेवत, म्हणून कोकणात त्यांना ‘शनवार तेली’च म्हणत, हे त्यांनी एकदा ग्यानोबाला सांगितले. ग्यानोबा तेलाच्या गिरणीत कामाला. तो म्हणाला, “सिस्टर, आमचा मालक तुमच्यातला असता तर किती बरं झालं असतं!”

असे सगळे बरे चालले होते.

नाटकाला दहा-बारा दिवस उरले असताना मिल्काबाईंनी आपल्या सणाची आवराआवर काढली. खोलीतले सारे कपडे उन्हात घातले. दोरीवर एक पांढरी शाल होती, तिला काळे पट्टे आणि चारी टोकांना गाठी मारलेले गोंडे. कचेरीतून येताना शेषेरावांनी ती पाहिली आणि त्यांची कळी खुलली.

“सिस्टर, एक मेहेरबानी करा. ही शाल नाटकापुरती द्या. अस्सल यहुदी वस्त्र भेटलं तर आमच्या कयफाला काय रंग चढंल! धुऊन, इस्तरी करून परत करतो.”

मिल्काबाईंनी शाल दोरीवरून काढून हातावर घेतली. “ही प्रार्थनेची शाल आहे भाऊ. माझ्या मिस्टरांची. मुलगा मोठा झाला की त्याला द्यायची आहे. नाटकाला कशी देऊ?” मग त्यांनी विचारले, “कयफा म्हणजे येशूला दोषी ठरवणारा याजक ना? त्याला ही घालणार. आणि येशूला काय घालता?”

“पांढरा झगा. मिशनच्या गोऱ्या साहेबाच्या वेळचा हाय.”

“त्याच्या आईला?”

“नऊवारी.”

“आणि पेत्राला?”

“धोतर-बंडी.”

“म्हणजे तुमच्या नाटकात यहुदी तेवढे मारणारेच,” मिल्काबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. “भाऊ, येशूची आई कोण होती? तो देवळात जाताना खांद्यावर काय घेत असेल, ह्याचा कधी विचार केलात?”

चारचौघांत हिशेब चुकलेल्या कारकुनासारखे शेषेरावांचे तोंड झाले. माणूस अडचणीत सापडला की आधी उपदेश करतो. त्यांनीही केला.

“तसं न्हाई सिस्टर. तुम्ही देवाचे निवडलेले लोक होतात, आमच्या शास्त्रातच हाय ते. पण तुम्ही त्याला नाकारलं. मग देवानं तुम्हाला सोडलं आन् निवड आमच्याकडं आली. आता हेच बघा, आधी सगळं उस्मानाबादकडं होतं. आता कलेक्टर लातुरात. आता इथला कोण कागद घेऊन उस्मानाबादला जातो?”

“असेल बाबा,” मिल्काबाई म्हणाल्या. “पण आमच्या देवानं अजून मला तसं काही कळवलेलं नाही.” आणि शाल घेऊन त्या आत गेल्या.

झाले! शाल मिळाली नाही हे एक दुःख आणि शेवटचा शब्द बाईचा राहिला हे दुसरे. दुसरे दुःख मोठे. त्या रविवारी पंचांच्या बैठकीत शेषेरावांनी नवा नियम मांडला: पाणी कमी पडून राहिले, तेव्हा विहिरीवर आधी मंडळीची माणसे, मग भाडेकरू. कंपाउंडात भाडेकरू एकच होता. पण नियमात माणसाचे नाव घातले नाही की पाप लागत नाही, असा आपल्याकडे एक समज आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवसापासून मिल्काबाई घागर घेऊन बाजूला उभ्या राहू लागल्या. तालमीतली पोरे खेळताना ‘खिळा, खिळा’ ओरडत त्यांच्या दारावरून पळू लागली. एकदा शेषेरावांच्या बायकोने, शिवकांताने, त्या पोरांना दटावले, पण हळूच. मिल्काबाई गाळ कापडातून गाळीत आणि उकळीत राहिल्या. कोणाशी भांडल्या नाहीत. एक दिवस शिवकांताला एवढेच म्हणाल्या, “सण झाला की बदली मागणार आहे. ठाण्याकडे जाते.” खिडकीतून शिवकांताला ट्रंक दिसली, दोरीने करकचून बांधलेली.

रात्री जेवताना तिने हे नवऱ्याला सांगितले. शेषेरावांचा घास हातातच राहिला. मग ते म्हणाले, “बघू,” आणि जेवू लागले. ‘बघू’ हा शब्द कचेरीत फार चालतो.

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी सकाळी मुखेडच्या एसटीने सरजाबाई आल्या. शेषेरावांची ही आत्या. उमेदीचे सारे आयुष्य ती बायबलबाई होती, म्हणजे खांद्याला पिशवी अडकवून, खेडोपाडी पायी हिंडून बायकांना शास्त्र शिकवणारी. शेषेरावांना पहिली प्रार्थना तिनेच शिकवली होती. दरवर्षी ती नाटकाला येई आणि पहिल्या रांगेत बसून पदराने डोळे पुशी.

शिवकांता उशिराची घागर भरत होती, तिथेच सरजाबाई टेकल्या. लांब उभ्या असलेल्या बाईकडे त्यांचे लक्ष गेले.

“ती बाई कामून तिकडं हुबी हाय गं?”

“तिची पाळी शेवटी हाय, आत्या.”

“कोणी ठरवलं?”

शिवकांताने घागर खाली ठेवली. हळूहळू सगळे बाहेर आले: शाल, बैठक, नियम, ट्रंक. सरजाबाईंनी ऐकून घेतले. मग त्या उठल्या आणि भाच्याच्या ओसरीवर आल्या. शेषेरावांनी रजा घेतली होती. समोर डिंकाची वाटी आणि दाढ्यांचा ढीग मांडून ते निसटलेले वाख चिकटवीत होते.

“शेषा, लातूर नवा जिल्हा झाला म्हणे.”

“हाव आत्या!” शेषेराव खुलले.

“मग उस्मानाबाद जिल्हा बुडाला का?”

“बुडतोय कशाला? तो हाय की आपल्या जागी.”

“कलेक्टर हाय तिथं?”

“हाय.”

“लोकांचे कागद होतात?”

“होतात की. आत्या, हे काय इचारून राहिलीस?”

“मग त्या सिस्टरला तू काय सांगितलंस? नवा जिल्हा झाला की जुना मोडतो?”

शेषेरावांच्या बोटाला डिंक तसाच राहिला. सावरून ते म्हणाले, “ते नुसतं समजायला सांगितलं. पण आत्या, त्यांनी तारणाऱ्याला नाकारलं. देवानं त्यांना टाकलं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो.”

“लोक सांगत आले, म्हणून तू ऐकत आलास. म्याबी सांगितलं असंल कधी, देव माफ करो. पण शास्त्रात काय हाय? येशूचा प्रेषित पौल, तोबी यहुदीच, त्यानं हाच सवाल केला, देवानं आपली माणसं टाकून दिली का? आन् जबाब त्यानंच दिला. मुळीच न्हाई! म्हणतो, देव एकदा दिलेलं माघारी घेत न्हाई. तुम्ही परके लोक म्हणजे रानटी झाडाची फांदी, चांगल्या झाडावर कलम बांधलेली. फांदीनं मुळाला हिणवू नये. मूळ तिला पोसतंय, ती मुळाला न्हाई.”

“पण त्याच झाडाच्या काही फांद्या तोडल्या, असंबी हाय ना तिथं?”

“हाय. म्या कुठं न्हाई म्हणते? आन् त्या परत जोडायची ताकद देवाला हाय, हे त्याच्या फुडंच लिवलंय. तिथवर वाचत जा की.”

“मग येशूवर इश्वास ठेवायचा कशाला?”

“ठेवायचा! येशू माझा तारणारा हाय, हे म्या मरेस्तोवर सांगन. त्या सिस्टरलाबी सांगन, तिनं इचारलं तर. तिचं आन् देवाचं कसं जुळतं, ते कोडं म्हणशील तर मला सुटलेलं न्हाई. मोठमोठे पाद्री त्याच्यावर भांडून राहिले. पौलानंसुदिक शेवटी हात जोडले, की देवाचं मन कोणाला कळलं? पण शेषा, देवानं कोणाला टाकलं हे जाहीर करायचं काम मला कोणी दिलं न्हाई. तुला दिलंय का?”

सरजाबाईंनी एक दाढी उचलली, उलटीसुलटी केली आणि खाली ठेवली.

“आन् एक सांग. त्यांच्या बापजाद्यांना देवानं शब्द दिला, की तुम्ही माझे. तो शब्द त्यानं मोडला म्हणतोस. मग तुला दिलेला शब्द तो पाळंल, हे कशावरून?”

वाचकहो, माणसाच्या आयुष्यात एखादा प्रश्न असा येतो की त्याच्यापुढे सगळी पाठ केलेली उत्तरे गळून पडतात! शेषेराव अर्धे आयुष्य त्या शब्दावर जगले होते. आईच्या मरणाच्या वेळी त्यालाच धरून ते उभे राहिले होते. तो शब्द कच्चा असू शकतो आणि तो आपणच कच्चा करून टाकला, हे त्यांना आज प्रथमच दिसले.

“माझी आई, तुझी आजी,” सरजाबाई पुढे म्हणाल्या, “गावच्या इहिरीवर अशीच घागर घेऊन बाजूला हुबी राहायची. कोणी वरून पाणी वाढंल तेव्हा घरी यायची. तिथं सांगत, देवानंच तुम्हाला खालचं केलंय. मग मिशनची बाई आली आन् म्हणाली, देव कोणाला टाकत न्हाई. त्या एका बोलावर आपलं घराणं हुबं हाय, शेषा! आज तुझ्या इहिरीवर तीच घागर बाजूला हुबी हाय. फकत बाई दुसरी हाय.”

“आत्या!” शेषेराव म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

नाक पुसून ते म्हणाले, “चुकलं माझं. आणि सिस्टर लई कामाच्या हायेत. ह्या कंपाउंडातली कितीतरी बाळंतपणं...”

“थांब!” सरजाबाई कडाडल्या. “कामाच्या हायेत म्हणून न्हाई. बिनकामाच्या असत्या तर गाळ पाजलेला चालला असता का?”

शेषेराव उठले आणि सरळ कोपऱ्यातल्या खोलीकडे गेले. दार उघडेच होते. मिल्काबाई तव्यावर पातळ पोळ्या भाजीत होत्या.

“सिस्टर, माफी मागायला आलो. नियम मोडला म्हणून समजा. विहिरीवर जशी आधी होती तशी पाळी.”

“बसा,” मिल्काबाई म्हणाल्या. त्यांनी लगेच ‘असू द्या, असू द्या’ म्हटले नाही. दुखले होते ते दुखलेच होते. ताटलीत एक पोळी पुढे ठेवत त्या म्हणाल्या, “आमचा सण चालू आहे. मिसर देशाच्या गुलामीतून सुटल्याचा. आमची आजी ह्याला अनाशी ढाकाचा सण म्हणायची, म्हणजे आंबट रसाचं मडकं झाकून ठेवायचा. आठवडाभर आंबवलेलं काही खायचं नाही.”

शेषेरावांनी तुकडा मोडला आणि ते एकदम थबकले. “येशूनं शेवटच्या रात्री जेवण केलं, तो...”

“हाच सण करत होता. तुमच्याच शास्त्रात आहे ना?”

“आन् आम्ही त्या प्रवेशात दरवर्षी बेकरीचा लादीपाव ठेवून राहिलो!”

मिल्काबाईंना हसू आवरेना. कितीतरी दिवसांनी त्या खोलीतून हसू बाहेर आले. शेषेरावही ओशाळून हसले. मग म्हणाले, “नाटक बदलतो, सिस्टर. तुमच्यासाठी.”

“माझ्यासाठी बदलू नका. मी आज आहे, उद्या नाही. खरं वाटत असेल तर बदला.”

बांधलेल्या ट्रंकेवर शेषेरावांची नजर गेली.

शुक्रवारी दुपारी मांडव भरला. मुखेड, चाकूर, कुठून कुठून माणसे आली होती. पडदा सरकला आणि लोकांत कुजबुज सुरू झाली. गोऱ्या साहेबाचा झगा कुठेच नव्हता. डाळमिलमधला व्यंकटी येशू झाला होता. त्याच्या खांद्यावर काळे पट्टे शिवलेले पांढरे धोतर होते, टोकांना गाठी. पेत्राच्या खांद्यावर तसेच, योहानाच्या तसेच, मरीयेच्या डोक्यावर त्याच कापडाचा पदर. ग्यानोबा कयफा होऊन आला, त्याच्याही खांद्यावर तेच आणि हनुवटी साफ गुळगुळीत! एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, “आरं, ह्यातला वाईट कोण, काहीच कळंना!”

शेवटच्या जेवणाला ताटात पोळ्या होत्या.

पुढे रोमी सुभेदार पिलाताचा न्याय आला. पिलात झालेल्याने लोकांकडे तोंड करून विचारले, “ह्या येशूचं मी काय करू?” दरवर्षी इथे दाढीवाले धावत येत. आज कोणी आले नाही. मांडव शांत झाला. पात्रे विसरली की काय, म्हणून माना वळू लागल्या.

तेवढ्यात प्रेक्षकांतून शेषेराव उभे राहिले. अंगात रोजचा बुशशर्ट, खिशाला पेन, डोळ्यांवर चष्मा. सगळे लातूर ज्याला ओळखते तो कारकून.

“त्याला खिळा!” ते ओरडले.

मांडवभर अंगावर सर्रकन काटा आला. मग बायकांतून शिवकांता उठली. “त्याला खिळा!” मग मागून एक पंच. मग दुसरा. आपल्या पापांनी त्याला खिळले, असे ही मंडळी दर रविवारी म्हणत असे. म्हणताना कधी कोणाला घाम फुटला नव्हता. आज आपल्या माणसाच्या तोंडी, आपल्या कपड्यांत ते शब्द ऐकताना मांडवातली माणसे खाली बघू लागली. पहिल्या रांगेत सरजाबाई बसल्या होत्या. त्या वर्षी त्यांनी पदर डोळ्यांना लावला नाही, अश्रू तसेच वाहू दिले.

मिल्काबाई आपल्या दारात उभ्या राहून सगळे बघत होत्या. नाटक संपायच्या आत त्या आत गेल्या. सूर्य कलत आला होता, शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्तालाच लागतो आणि त्याआधी त्यांना दिवा लावायचा होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे विहिरीवर शिवकांता पहिली. शेंदलेली पहिली नितळ घागर तिने स्वतःच्या घरी नेली नाही. कोपऱ्यातल्या दाराशी नेऊन ठेवली.

“हे काय, शिवकांता?”

“आज शनवार, सिस्टर. तुमचा घाणा बंद. आजचं पाणी आम्ही भरतो.” मग जरा घुटमळून ती म्हणाली, “पाणी लई खाली गेलंय. आमची दोरी हातभर कमी पडून राहिली. दोन घागरी कशाबशा भरल्या.”

मिल्काबाई आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात दोरीचे भेंडोळे होते. शिवकांताने ते ओळखले. खिडकीतून पाहिलेल्या ट्रंकेची दोरी!

“ही जोडा तिला. शब्बाथला गाठसुद्धा सोडायची नसते. कालच दिवे लावायच्या आधी सोडून ठेवलीय.”

शिवकांताने ती दोरी छातीशी धरली आणि भरलेले डोळे पुसायला पदर घेण्याचेही तिला सुचले नाही. त्या सकाळी जोडलेल्या दोरीने सगळ्या कंपाउंडाने पाणी शेंदले. पुढे कितीतरी उन्हाळे ती दोरी आणि ती बाई तिथेच राहिली. अंबाडीच्या दाढ्यांच्या शिवकांताने घासण्या केल्या आणि वर्षभर त्यांनी भांडी घासली.

मित्रांनो, देव कोणाला कसा आपला म्हणतो, हा मोठ्या पंडितांचा वाद आहे. तो आपण आज मिटवू शकणार नाही. पण विहिरीवर कोणाला बाजूला उभे करायचे, हे मात्र आपल्याच हातात असते. दुसरा टाकलेला आहे असे ठरवून कोणी निवडलेला होत नाही. जो देव जुना शब्द विसरत नाही, त्याच्याच नव्या शब्दावर भरवसा ठेवता येतो. आणि दाढी दुसऱ्याच्या हनुवटीला चिकटवण्याआधी प्रत्येकाने एकदा आपली हनुवटी चाचपून पाहावी!